सहाशे एकवीस

दुपारी अडीचला ती आली,
राखाडी, लांबच लांब, पाठीला घरासारखं छप्पर.
जालन्यातल्या आमच्या रॅम्पवर तिचं शेपूट मावेना.
चहावाला सोपान म्हणाला, "शववाहिका का रे ही?"
मी म्हणालो, हळू बोल, मालक आत आहेत.

मालक म्हणजे रंगनाथराव तौर,
घनसावंगीकडचे, बियाण्याच्या धंद्यातले.
उतरले ते बोलतच उतरले:
चार लिटर, आठ सिलिंडर, दोन टर्बो,
सहाशे एकवीस घोडे,
शून्यावरून शंभरला साडेतीन सेकंद,
वजन दोन टन आणि वर एक पोतं सरकी.
सरकीचं कंपनीच्या पुस्तकात नव्हतं.
पोतं खरंच मागे होतं.

"एकशे चाळीसच्या वर स्टिअरिंग थरथरतं."
समृद्धीवर मर्यादा एकशे वीसची आहे,
हे मी काढलं नाही.
वैद्यानं पथ्य सांगावं,
गॅरेजवाल्यानं चाक खोलावं.

खोललं.
बावीस इंची रिम, रबर जेमतेम चार बोटं.
आमच्या खड्ड्यांत हे टायर म्हणजे
बांगड्या भरून मुसळ धरणं.
ब्रेकची तबकडी घरच्या पोळपाटाहून मोठी,
तिला दहा पिस्टन मिळून धरतात.
मी उगाच एकदा बोटानं वाजवून पाहिली.

आमचं आडनाव नालबंद.
अब्बांनी सत्तेचाळीस वर्षं खूर तासले.
माळेगावच्या यात्रेत एक ताडपत्री, ऐरण, चिमटा,
आणि ओठांत धरलेले खिळे,
म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं नाही.
आता दुकानाच्या पायरीवर बसतात.
मोतीबिंदू पिकलाय, कान शाबूत.
इंजिन ऐकून म्हणाले, "किती म्हणलास?"
"सहाशे एकवीस, अब्बा."
बोटांची पेरं हलायला लागली.
चोवीसशे चौऱ्याऐंशी नाल.
नालेला सात खिळे धरले, तर
सतरा हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी.
"अन् एवढ्यांना चंदी कोण देतं?"
रंगनाथराव हसले. "लिटरला पाच किलोमीटर, चाचा.
मीच देतो."

थरथर काही मोठी नव्हती.
रिमच्या आतून शिशाचा तुकडा गळाला होता.
पस्तीस ग्रॅम चिकटवले, दोन टन गप्प झाले.
पण मागच्या उजव्या टायरात
एक खिळा सापडला, चपटा, टोकाला तिरपा.
मी तो अब्बांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी चोळला, जिभेला लावला.
"नालेचा आहे."
मला वाटलं, आता म्हणतील, माझा आहे.
"माझा नाही. मशीनचा.
डोकं हलकं आहे, घोडी लंगडली असेल."

रंगनाथराव एकदम खाली पाहायला लागले.
मग मागचं दार आपोआप वर गेलं.
सोळाशे ऐंशी लिटर जागा:
सरकी, खोगीर, कडब्याचा भुसा,
उंची गालिच्यावर लिदेचा वाळका डाग.
"चार महिने झाले," ते म्हणाले,
"दोन डॉक्टर झाले.
लोक म्हणतात, एवढ्या पैशात उंच जीप आली असती.
जीपमध्ये तिचं सामान घेऊन
मला तिच्याकडे साडेतीन सेकंदांत निघता येत नाही."
ह्या बोलण्याला अर्थ नव्हता.
अब्बांना तो लागला.

ऐरण आम्ही दोघांनी उचलून आत ठेवली.
अब्बा पुढे बसले, सीटची कातडी चाचपली,
"गाईची," म्हणाले,
आणि डॅशबोर्ड थोपटला, मान थोपटतात तसा.
"सावकाश घ्या. खिळे सांडतील."

अंबड रोडच्या स्पीडब्रेकरवर
पोट घासू नये म्हणून ती तिरपी झाली,
एकेक चाक उचलत, टाकत,
लंगडत पलीकडे गेली.

बॅलन्सिंगचे बाराशे राहिले.
अजून मागितले नाहीत.